रिमोटवरचे भाषेचे बटण : एका शनिवारच्या संध्याकाळचे परीक्षण

मुद्रितशोधकाला शनिवारची संध्याकाळ मोकळी मिळते ती वर्षातून मोजक्या वेळा. यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत अशी एक संध्याकाळ हाती आली. होम मैदानावरच्या गर्दीत आणि धुळीत जाण्याऐवजी सहा ते अकरा टीव्हीपुढे बसायचे, पण मालिका नाहीत, बातम्या नाहीत, चर्चा तर नाहीतच, फक्त माहितीचे आणि खेळाचे कार्यक्रम पाहायचे, असा बेत ठरला. ठरला म्हणजे मी ठरवला आणि घरच्यांनी ‘पाहू किती वेळ टिकतोय ते’ अशा नजरेने तो मान्य केला. डाळिंबावरचा शेतीचा कार्यक्रम, माळरानावरच्या पक्ष्यांचा माहितीपट, मध्ये क्रिकेटचा एक तुकडा, मग खो-खोच्या विश्वचषकातील अंतिम सामन्यांचे पुनःप्रक्षेपण आणि शेवटी एका विमान अपघाताची कहाणी, असा तो क्रम होता. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढणाऱ्या माणसाचे हे परीक्षण असल्यामुळे ते चित्रापेक्षा शब्दांकडे झुकलेले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. भिंतीला भिंत लागून तेलुगू बोलणारे कुटुंब राहते, समोरच्या घरात कन्नड चालते, कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी, आणि आम्ही मराठी. अशा गल्लीत रिमोटवरचे भाषा बदलायचे बटण आवाजाच्या बटणाइतकेच झिजते. आमच्या रिमोटवर दुकानातून आणतानाचे प्लॅस्टिक अजून तसेच आहे आणि त्या प्लॅस्टिकला नेमके त्या बटणापाशी भोक पडले आहे. शेजारचे अण्णा तीस वर्षे यंत्रमागावर टॉवेल काढून आता घरी बसलेले आहेत. संध्याकाळचा टीव्ही ते आमच्याकडेच पाहतात, त्यामुळे या परीक्षणात त्यांचाही वाटा आहे.

पहिला कार्यक्रम दिसायला सर्वांत गरीब होता. एक टेबल, दोन खुर्च्या, फुलदाणीत कागदी फुले आणि मागे हिरव्या शेताचे चित्र. सूत्रसंचालक दूरध्वनी क्रमांक दोनदा, सावकाश, लिहून घेता येईल अशा बेताने सांगत होते. विषय डाळिंबाचा होता आणि तो सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 साली स्थापन झाले ते आपल्याकडेच, केगावला. पण या कार्यक्रमात संस्थांची नावे घेण्यापेक्षा काम दाखवण्यावर भर होता. आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार या फुलोऱ्याच्या तीन हंगामांपैकी कोणता धरायचा, पाणी तोडून बागेला ताण किती दिवस द्यायचा, पानगळ कधी करायची, तेल्या आणि मर हे दोन रोग वेगळे कसे ओळखायचे, हे सगळे शेतकरी बोलतो त्याच शब्दांत चालले होते. तेल्या पडलेल्या फळावर तेलकट डाग येतात आणि फळ इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखे तडकते, हे सांगताना तज्ज्ञांनी तडकलेले फळ कॅमेऱ्यासमोर धरले आणि नखाने ती चीर दाखवली.

त्यापुढचे बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे रोगांवर फवारायच्या बुरशीनाशकाचे, प्रात्यक्षिक मला संपूर्ण संध्याकाळचा सर्वांत चांगला भाग वाटला. एका भांड्यात मोरचूद, दुसऱ्यात चुना, दोन्ही वेगवेगळे विरघळवायचे आणि मग एकत्र करायचे. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो. हे मिश्रण फवारण्याजोगे झाले की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. लोखंडी विळा त्यात थोडा वेळ बुडवायचा आणि बाहेर काढायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो आणखी घालायचा. पडद्यावर विळा बाहेर आला, पात्यावर तांबूस झाक दिसली, कुणीतरी चुन्याची थोडी निवळी ओतली, विळा घासून पुन्हा बुडवला आणि या वेळी तो स्वच्छ निघाला. या सगळ्याला पाऊण मिनीट लागले असेल. त्यात निवेदक एक अक्षर बोलले नाहीत आणि मागे संगीतही नव्हते. अण्णांचा शेतीशी काही संबंध नाही, पण सूत रंगवण्याशी आयुष्यभर आहे. ते एवढेच म्हणाले, “ह्याला म्हणतात सांगणं.”

माहितीपट मात्र खर्चिक होता. गवताच्या पात्यावरचा दवबिंदू मोजता यावा असे चित्रीकरण, उंचावरून घेतलेली दृश्ये आणि अधूनमधून घुमणारे ढोल. मूळ इंग्रजी, आणि बटण दाबले की मराठी. आम्ही मराठी लावले. पडद्यावर राजस्थानातल्या जैसलमेरचे वाळवंटी माळरान आले, त्यात गळ्याची पिशवी फुगवून, शेपटी उभारून, मान ताठ करून उभा असलेला नर आला, आणि निवेदक म्हणाले, “हा आहे ग्रेट इंडियन बस्टर्ड.” आमच्या सौ. भाकरीला शेंगाचटणी लावत होत्या. त्यांचे माहेर बार्शी रस्त्यावरचे. त्यांनी मान वर केली. “तो माळढोक हाय की! बस्टर्ड काय म्हणालाय?”

एवढ्या एका वाक्याने त्या तासाचे परीक्षण झाले होते, पण कारणे द्यायला हवीत. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. तिथले माळढोक अभयारण्य 1979 सालचे आहे. सुरुवातीला ते सुमारे 8,496 चौरस किलोमीटर इतके अवाढव्य जाहीर झाले होते, म्हणजे त्यात शेते, गावे, रस्ते सगळेच आले. त्यामुळे माणसांची जमिनीची कामे अडू लागली, आणि पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. या अभयारण्यामुळे या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला, वकिलाला आणि तलाठ्यालाही माळढोक हा शब्द माहीत आहे. काहींना तो पक्षी म्हणून, काहींना सातबाऱ्यावरची कटकट म्हणून. अशा श्रोत्यांसाठी मराठी आवाज भरायचा आणि त्यात पक्ष्याचे मराठी नाव एकदाही घ्यायचे नाही, याला निष्काळजीपणाच म्हणावे लागेल. काळविटाचे ‘ब्लॅकबक’ झाले होते. माळाचे ‘गवताळ भूप्रदेश’ झाले होते. लांडगा तेवढा लांडगा राहिला होता.

माहिती मात्र पक्की होती, हे मान्य केले पाहिजे. हा पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी तो एक आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला कमी दिसते, आणि शरीर जड असल्यामुळे आयत्या वेळी वळता येत नाही. म्हणून विजेच्या उच्चदाब तारा हे त्याच्या मरणाचे मोठे कारण ठरले आहे. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. देशात आता दीडशेहूनही कमी माळढोक उरले आहेत. तारा जमिनीखालून नेण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिलेला आदेश, सौरऊर्जेची अडचण लक्षात घेऊन 2024 मध्ये त्यात झालेला बदल, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून जन्मलेले पहिले पिल्लू, हे सारे नेमक्या क्रमाने आणि पक्षपात न करता मांडले होते. तारेची अडचण समजावताना पक्ष्याच्या नजरेतून दिसणारे आकाश दाखवले होते. समोर काहीच नाही, बाजूला सगळे आहे, आणि एकदम तार. ते दृश्य पाहून माझा चहा निवला. तरीही तासभरात नान्नजचे नाव आले नाही, आणि ‘अस्तित्वाची लढाई’ हा शब्दप्रयोग मात्र मी मोजला तेव्हापासून पाच वेळा आला. मुलांसोबत पाहायला हा माहितीपट उत्तम आहे. फक्त मराठी आवाज बंद करून घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः बोलत राहावे, अशी माझी शिफारस आहे.

क्रिकेटचा तुकडा थोडक्यात उरकतो, कारण तो आम्ही पाहिलाच नाही. भारताचा टी-ट्वेन्टी सामना होता. अण्णांच्या छतावर दूरदर्शनची फ्री डिश आहे. तिच्यावर डीडी स्पोर्ट्सवर सामना चालू होता, हे त्यांचा नातू जिन्यातून ओरडून सांगत होता. आमच्या केबलवर त्याच डीडी स्पोर्ट्सवर वेगळेच काही चालले होते. अण्णांनी लगेच केबलवाल्या पोराला फोन लावून दोन शब्द सुनावले. त्या पोराचा यात दोष नाही, आणि पुष्कळ घरांत हा गैरसमज असल्याने खुलासा करतो. 2007 सालच्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण हक्क घेतलेल्या खासगी वाहिनीला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावे लागते, आणि त्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न किमान 75 आणि 25 अशा प्रमाणात विभागले जाते, त्यात मोठा वाटा हक्कदाराचा. पण हे वाटून मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या भूस्थित जाळ्यावर आणि स्वतःच्या फ्री डिशवरच दाखवायचे. केबलच्या किंवा खासगी डीटीएचच्या वाटेने ते जाऊ द्यायचे नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये दिला. म्हणून वाहिनी एकच, पण महिन्याला पैसे भरणाऱ्या माझ्या घरी एक आणि एकदाच डिश बसवून मोकळ्या झालेल्या अण्णांच्या घरी दुसरे. हे सांगितल्यावर अण्णा हसले आणि त्या पोराला पुन्हा फोन करायचे मात्र विसरले.

खो-खोकडे आम्ही आलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये 19 जानेवारी 2025 रोजी झालेले पहिल्या विश्वचषकाचे दोन्ही अंतिम सामने त्या रात्री पुन्हा दाखवत होते. दोन्हींत प्रतिस्पर्धी नेपाळ, दोन्हींत भारताची जीत. महिलांचा निकाल 78–40, पुरुषांचा 54–36. निकाल माहीत असलेला सामना पाहण्यात काय अर्थ, असे मला आधी वाटत होते. पण खो-खोत निकालापेक्षा पळती पाहायची असते, आणि ती पुन्हा पुन्हा पाहता येते. प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालचा महिला संघ ज्या सफाईने खो देत होता, त्यात बसलेल्या मुलीने उठणे आणि उठवणारीने बसणे यांच्यात फट दिसत नव्हती. पुरुष संघात प्रतीक वाईकर कर्णधार, आणि त्याच संघात आपल्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप. तो धावायला उतरला तेव्हा घरात जे झाले ते समालोचकांना ऐकू गेले असते तर बरे झाले असते, कारण आम्ही पाहिलेल्या भागात त्यांनी वेळापूरचे नाव काही घेतले नाही.

येथेही भाषेचा प्रश्न होताच. हिंदी समालोचनात सूर मारण्याला ‘स्काय डाइव्ह’ म्हणत होते, खांबाशी सूर मारून गडी टिपला की ‘पोल डाइव्ह’, आणि संरक्षकांची तुकडी बराच वेळ टिकली की ‘ड्रीम रन’. या खेळाची पहिली नियमावली 1914 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने केली; सूर, खांब, पाटी, हुलकावणी, साखळी हे शब्द शाळेच्या मैदानावर ज्यांनी धुळीत लोळून शिकले, त्यांना हे ऐकताना आपलीच पोर दुसऱ्याच्या कपड्यांत पाहिल्यासारखे वाटते. पण मी येथे माळढोकाइतका रागावलो नाही, आणि का नाही याचा नंतर विचार केला. ‘वजीर’ हा शब्द नवा आहे. एरवी धावणाऱ्या आक्रमकाला एकदा दिशा घेतली की उलट फिरता येत नाही. वजिराला हवे तिकडे वळता येते. हा नियमच मैदानावरचा नाही, दूरचित्रवाणीसाठी केलेल्या नव्या स्पर्धेतून आलेला आहे, त्यामुळे त्याला नवे नाव असणे रास्त आहे, आणि ते बुद्धिबळातून घेतले हे तर चांगलेच केले. शिवाय, कितीही इंग्रजी शब्द घातले तरी मूळ शब्द खेळाडूंच्या तोंडूनच बाहेर पडतो. मॅटवरच्या आवाजात, गर्दीच्या गोंगाटात, प्रत्येक दोन-तीन सेकंदांनी ‘खो’ ऐकू येत होता. त्याचे कुणी भाषांतर करू शकत नाही.

दिग्दर्शनावर मात्र माझा खरा आक्षेप आहे. सूर मारलेला क्षण सुंदर दिसतो हे खरे, म्हणून कॅमेरा सतत जवळ जातो, आणि तोच क्षण तीन कोनांतून संथ गतीने दाखवला जातो. पण संरक्षकाचे कौशल्य त्या क्षणाच्या आधीच्या वीस सेकंदांत असते. बसलेल्या गड्यांपैकी एक आड एक विरुद्ध दिशेला तोंड करून असतात. त्यांच्यामधून नागमोडी पळताना कोणता खो कोणत्या बाजूला उठेल याचा अंदाज घेत पळावे लागते. हे फक्त वरून दिसते. छतावरच्या कॅमेऱ्याचे दृश्य त्यांनी जेवढा वेळ ठेवले, तेवढा वेळ अण्णासुद्धा खुर्चीच्या कडेवर आले होते. त्यांनी ते पाहताना बोटांनी हवेत काहीतरी आखले. ताण्यातून बाणा जातो तसे, असे ते तेलुगूत पुटपुटले. मला तेलुगू बेताचेच कळते, पण हात कळला. असा वरून घेतलेला सलग डाव पूर्ण सात मिनिटे दाखवण्याचे धाडस एखाद्या वाहिनीने करून पाहावे.

शेवटचा कार्यक्रम विमान अपघाताचा होता. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर दोन बोइंग 747 विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मेली. विमान अपघातांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आकडा. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने सगळी विमाने या लहान विमानतळावर वळवली होती, जागेची दाटी झाली होती, आणि दुपारी धावपट्टीवर दाट धुके उतरले. केएलएम या डच कंपनीचे विमान धावपट्टीच्या एका टोकाला उभे, पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे विमान त्याच धावपट्टीवरून समोर सरकत येत असलेले, आणि मनोऱ्यातल्या माणसाला दोन्ही दिसत नाहीत. सगळा भरवसा रेडिओवरच्या शब्दांवर. नाट्यरूपांतर संयमाने केले होते, रक्तपात दाखवला नव्हता, वाचलेल्या 61 जणांचा उल्लेख योग्य ठिकाणी होता. याला मी पूर्ण गुण देतो.

पण ज्या एका वाक्यासाठी हा कार्यक्रम पाहायचा, तेच वाक्य मराठी आवाजात वाया गेले होते. केएलएमच्या सहवैमानिकाने मनोऱ्याला जे सांगितले त्याचे मराठीत ‘आम्ही आता उड्डाण करत आहोत’ असे झाले. असे स्पष्ट वाक्य ऐकल्यावर मनोऱ्यातला माणूस ‘ठीक’ म्हणून, ‘उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो’ असे शांतपणे का म्हणेल? तो मूर्ख वाटू लागतो. पुढे दोन संदेश एकाच वेळी आल्याने रेडिओवर फक्त किंचाळी उमटली, त्यात पॅन ॲमचा ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ हा इशारा बुडाला आणि केएलएमच्या वैमानिकांच्या कानी ‘ठीक’ एवढेच पोचले, हेही मग निव्वळ दुर्दैव वाटते. या अपघातानंतर विमानतळांवरची भाषाच बदलली. ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, हा नियम कशासाठी आला तेही मराठी ऐकणाऱ्याला कळत नाही. मी रिमोट घेतला, प्लॅस्टिकच्या त्या भोकातून बटण दाबले, कार्यक्रम थोडा मागे नेला आणि मूळ वाक्य सगळ्यांना ऐकवले : “वुई आर नाऊ ॲट टेकऑफ.”

अण्णा काही बोलले नाहीत. सौ. ताटे उचलता उचलता थांबल्या आणि त्यांनी विचारले, “म्हणजे निघाले होते, की अजून उभेच होते?”